पुढची पायरी

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



2025 च्या जुलै महिन्यातील गोष्ट. इशाची नमाज आटोपून लोक पांगले होते. कोंढव्यात राहणारा आणि हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण मागे थांबला. "मौलाना, एक हिशोब दाखवायचा आहे," असे म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. तो वर्षभर ऑनलाइन पोकर खेळत होता आणि प्रत्येक डावाची नोंद ठेवत होता. पाच-दहा रुपयांच्या टेबलावर एकदा बसायला हजार रुपये लागतात. अशा तीस बैठकींची रक्कम, म्हणजे तीस हजार, गाठीशी असली की माणूस सुरक्षित, असा या खेळातील लोकांचा नियम त्याने मला समजावला. त्याच्याकडे त्याहून अधिक रक्कम जमली होती. प्रश्न एवढाच होता, की आता दहा-वीसच्या टेबलावर चढावे, की रोखीचे टेबल सोडून स्पर्धांच्या प्रकाराकडे वळावे? आणि जिंकलेल्या पैशातून अम्मीला उमरा घडवला तर तो कबूल होईल ना?

मी एका शब्दात उत्तर दिले, "हराम." तो उठला, सलाम करून निघून गेला. पुढचे पाच जुमे तो मशिदीत दिसला नाही.

माझे उत्तर चूक नव्हते, पण ते अपुरे होते. त्याचा प्रश्न पायरीचा होता आणि मी पायरीविषयी काहीच बोललो नव्हतो. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. त्या तरुणाच्या संमतीने आणि त्याची ओळख झाकून ते येथे मांडतो.

शिडीला शेवट नाही

कुरआनात सूरह अल-बकरा (आयत 168 व 208), सूरह अल-अनआम (आयत 142) आणि सूरह अन-नूर (आयत 21) अशा चार ठिकाणी शैतानाच्या मागे जाण्यास मनाई आली आहे. तेथे योजलेला शब्द आहे 'खुतुवात', म्हणजे पावले. हे अनेकवचन विचार करण्याजोगे आहे. शैतान कोणाला एका उडीत दरीत लोटत नाही. तो एक पाऊल दाखवतो आणि तेवढेच दाखवतो. दुसरे पाऊल पहिल्यावर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही.

आता त्या तरुणाचाच नियम घेऊन हिशोब पाहू. पाच-दहाच्या टेबलासाठी तीस हजार हवेत. दहा-वीससाठी साठ हजार, पंचवीस-पन्नाससाठी दीड लाख, पन्नास-शंभरसाठी तीन लाख आणि शंभर-दोनशेसाठी सहा लाख. प्रत्येक पायरीवर 'सुरक्षित' रक्कम वाढत जाते, म्हणजे बुडू शकणारी रक्कमही वाढत जाते. 'आता पुरे' असे सांगणारी पायरी या शिडीत ठेवलेलीच नाही. चांगला खेळलास तर वर चढ, वाईट खेळलास तर एक पायरी उतरून पुन्हा तयारी कर, कंटाळलास तर प्रकार बदल, दोन पानांऐवजी चार पानांचा खेळ धर. तिन्ही सल्ल्यांचा अर्थ एकच, की उठू नकोस. शिस्त, संयम, नोंदवही हे गुण एरवी मोलाचे, पण येथे ते माणसाला उठू न देण्याच्या कामी लागतात.

मराठीचे शिक्षण घेताना आम्ही राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' अभ्यासले. सुधाकराच्या नाशाचे सारे बीज त्या 'एकच' या शब्दात आहे. कुरआनने मद्य आणि जुगार यांचा उल्लेख जोडीने का केला, याचे एक उत्तर मला तेथे सापडले. दोहोंची भाषा एक आहे. एकच प्याला, एकच डाव, एकच पायरी.

कौशल्याचा युक्तिवाद

तरुण मंडळी म्हणतात, हा नशिबाचा खेळ नाही, बुद्धीचा आहे. या प्रश्नावर न्यायालयांतही मतभेद झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकात रमीमध्ये कौशल्याचा भाग मोठा असल्याचे म्हटले. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानले. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला आणि कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. 22 ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. अशा खेळांत सुमारे 45 कोटी लोकांचे वर्षाला 20 हजार कोटी रुपये बुडतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता.

शरीअतचा प्रश्न मात्र वेगळा आहे. खेळाडू हुशार आहे की नाही, हे ती विचारत नाही. पैसा कोठून आला, हे विचारते. बेकरीवाला पाव देतो आणि पैसे घेतो, टेम्पोवाला माल पोहोचवतो आणि भाडे घेतो. दोघेही काही देऊन काही घेतात. पोकरच्या टेबलावर एकाच्या हाती आलेला प्रत्येक रुपया दुसऱ्याच्या हातून गेलेला असतो आणि त्याच्या बदल्यात त्याला काहीच मिळालेले नसते. वर प्रत्येक डावातून खेळ चालवणारा आपला वाटा काढून घेतो तो वेगळाच. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये जिंकले आणि पुढे त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. त्या दीड कोटीची चर्चा घरोघरी झाली, पण तो आकडा ज्यांच्या खिशांतून जमला त्या असंख्य हरलेल्यांची चर्चा कोणी केली नाही.

जुगारात लाभ मुळीच नाही, असे कुरआन म्हणत नाही. सूरह अल-बकराच्या आयत 219 मध्ये मद्य व जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य केले आहे, पण त्यांतील पाप लाभाहून मोठे असल्याचेही बजावले आहे. इस्लामपूर्व काळातील अरब उंट कापून त्याच्या वाट्यांवर बाणांनी जुगार खेळत आणि जिंकलेले मांस गरिबांना देत, असे भाष्यकारांनी नोंदवले आहे. म्हणजे 'जिंकून दान करीन' हा विचारही नवा नाही. गरिबाच्या मुखी घास जाऊनही ती रीत हराम ठरली. मग त्या मार्गाच्या पैशाने अम्मीचा उमरा कसा साधेल?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर याहून अलीकडची पायरी दाखवली. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आले आहे, की जो आपल्या सोबत्याला केवळ 'ये, जुगार खेळू' असे म्हणेल त्याने सदका द्यावा. पान वाटले गेलेले नाही, पैसा लागलेला नाही, निव्वळ निमंत्रणाचे हे प्रायश्चित्त आहे. मित्राला ॲपची लिंक पाठवणाऱ्याने ही हदीस मनाशी घोळवावी.

उतरण्याच्या पायऱ्या

ऑगस्टच्या अखेरीस तो तरुण परत आला. हिशोबाचे सत्य या वेळी त्याने सांगितले. माझ्याकडून गेल्यावर तो दहा-वीसच्या टेबलावर चढला होता. साठ हजारांना कमी पडलेली रक्कम त्याने अम्मीच्या पैशांतून भरली. साड्यांना पिको-फॉल करून त्या माउलीने उमऱ्यासाठी जमवलेले पैसे विश्वासाने मुलाच्या खात्यात ठेवले होते. तीन आठवड्यांत सारे संपले. आता नव्या कायद्यामुळे देशातील ॲप बंद झाले, तर एका ओळखीच्याने परदेशी साइटची वाट दाखवली होती. "मौलाना, गेलेले तेवढे परत मिळवून थांबू का?" तो विचारत होता. पुन्हा पायरीच.

या वेळी मी त्याला मदीनेची हकिगत सांगितली. अल्लाहनेही मद्याच्या बाबतीत पायऱ्या ठेवल्या होत्या, पण त्या उतरण्याच्या होत्या. आधी पाप लाभाहून मोठे असल्याचे सांगितले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली आणि शेवटी सूरह अल-माइदाच्या आयत 90-91 मध्ये मद्य व जुगार दोहोंना शैतानी कामाची घाण ठरवले. त्यांतून तो तुमच्यात वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो, असे सांगून अखेर प्रश्न केला, की मग तुम्ही थांबणार ना? हजरत उमर (र.) यांनी तत्काळ थांबल्याची कबुली दिली. हजरत अनस (र.) त्या वेळी अबू तल्हा (र.) यांच्या घरी मद्य वाढत होते. घोषणा कानी येताच ते ओतून देण्याची आज्ञा झाली आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. हातातले तेवढे संपवून थांबतो, असे कोणी म्हटले नाही. आपण त्या अखेरच्या आयतीनंतर जन्मलेली माणसे आहोत. मधल्या पायरीवर रेंगाळण्याची सवलत आपल्याला नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून पुढची पावले ठरवली. ॲप व खाती त्याच क्षणी बंद करायची. ज्याने परदेशी साइट दाखवली त्याची संगत सोडायची. जिंकलेली जी काही रक्कम उरली असेल, तिचा मूळ धनी सापडला तर त्याला, नाहीतर पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना द्यायची. अम्मीचे पैसे ही अमानत आहे, ते कष्टाच्या पगारातून फेडायचे. आणि सर्वांत अवघड पाऊल, आजच घरी जाऊन अम्मीला खरे सांगायचे. मन एकट्याने आवरत नसेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलायचे. आजारात औषध घेणे जसे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, तसे हेही नाही.

अम्मी त्या रात्री काही बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे डबा भरून दिला आणि म्हणाल्या, "पगार झाला की पासबुक दाखव." तेव्हापासून दरमहा पहिला हप्ता त्यांच्या खात्यात जातो. उमरा अजून व्हायचा आहे. तो तरुण फज्रला येतो. कधी एखादा दिवस चुकला तर मी फोन करतो, आणि एका शब्दात बोलणे संपवत नाही.

माता-पित्यांना माझी विनंती आहे. मूल रात्र-रात्र मोबाइलवर जागत असेल, उसने मागत असेल, पैशाच्या प्रश्नावर चिडत असेल, तर शिव्याशाप देण्याआधी त्याच्याजवळ बसा. दार बंद झाले की तो त्याच टेबलाकडे परतेल. आणि तरुणांनो, कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जाणार असल्याचे तिर्मिजीच्या हदीसमध्ये आले आहे, कोठून मिळवली आणि कोठे खर्चिली. तेव्हा कोणत्या टेबलापर्यंत चढला होतात, हे कामी येणार नाही. कोणत्या क्षणी उठलात, ते येईल.

हे अल्लाह, आमची कमाई हलाल कर, ती थोडी असली तरी तीत बरकत दे. जे या शिडीवर अडकले आहेत त्यांना उतरण्याचे बळ दे, आणि त्यांच्या घरच्यांच्या मनात त्यांच्यासाठी जागा ठेव. आमीन.