माद्रिद की बार्सिलोना?

स्पेनहून परतल्यावर सगळे हेच विचारतात. मी तर निघण्याआधीच एक्सेल शीट केली होती. माद्रिदकडे प्रादो संग्रहालय आणि पिकासोचं ‘गेर्निका’. बार्सिलोनाकडे समुद्र आणि १८८२पासून बांधलं जात असलेलं साग्रादा फामिलिया. थोडक्यात बार्सिलोना जिंकलं, ते राहण्याच्या रकान्यामुळे : जुन्या वस्तीत, हॉटेलच्या निम्म्या भाड्यात अख्खा फ्लॅट.

आमच्या सूटकेसची चाकं जिन्यात वाजली की समोरच्या आजी दार लावून घ्यायच्या. तेव्हा त्या तुसड्या वाटल्या. जुलै २०२४मध्ये त्याच शहरात मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. पर्यटकांसाठीच्या सुमारे दहा हजार फ्लॅट्सचे परवाने २०२८पर्यंत बंद करण्याचं तिथल्या महापौरांनी जाहीर केलं आहे. म्हणजे मी ज्याला गुण दिले, तीच तिथल्या लोकांची तक्रार होती.

मग जायचंच नाही का? हे मला पटत नाही. पर्यटकांवर पोट असणारेही तिथेच राहतात. पण ‘मला काय मिळालं’ एवढ्यावर शहरं तोलणं अपुरं आहे. पुण्यात माझ्यासारख्या आयटीवाल्यांमुळे भाडी वाढली, हे मी ऐकून घेतोच. पुढच्या वेळी हॉटेलचे जास्तीचे पैसे भरीन.