वाक्य पुरं होईपर्यंत

शाळा सुटून घरी आलं की मूल सांगायला उतावीळ असतं. दप्तर अजून खांद्यावरच असतं, एकाच पायातला बूट निघालेला असतो, आणि सुरुवात होते. "आई, आज ना, आमच्या शाळेत ना, ते चिंचेचं झाड आहे ना, त्याच्यावर ना..." आपला एक हात गॅसवर, लक्ष घड्याळाकडे. मग पुढचं आपणच बोलून टाकतो. "माकड आलं असेल. बरं, डबा संपवलास का?" मूल "हो" म्हणतं आणि हात धुवायला जातं. झाडावर काय होतं ते राहूनच जातं. मायेत काही कमी नसते, फक्त घाई असते. पण त्या प्रत्येक 'ना'पाशी मूल पुढचा शब्द शोधत असतं, घडलेलं ओळीने लावून पाहत असतं. भाषा वाढते ती अशाच थांब्यांवर, आणि नेमके तेच आपण भरून टाकतो.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गातल्या या थांब्याचा बारकाईने अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची किती वेळ वाट पाहतात, हे त्यांनी तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं. सरासरी जेमतेम 1 सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारला जाई, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे जाई. मग शिक्षकांनी निदान 3 सेकंद थांबायची सवय लावून घेतली. मुलांची उत्तरं लांबली. एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. मुलं आपणहून जास्त प्रश्न विचारू लागली. यासाठी शाळेला काहीही विकत आणावं लागलं नाही. आज संध्याकाळी घरी हे करून पाहता येईल. मूल मध्येच अडलं की मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणायचं आणि त्याच्याकडे पाहत राहायचं. सुरुवातीला हे 3 सेकंद फार लांब वाटतात. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला तर याची गरज जास्तच. "नीट बोल, सावकाश बोल" म्हटल्याने ते आणखी गडबडतं. आपल्याला ऐकायला वेळ आहे, हे त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसायला हवं. अडखळणं बरेच महिने टिकलं तर स्पीच थेरपिस्टना जरूर दाखवावं, त्यात संकोच कसला?

चुका सुधारण्याचंही असंच. "माझा पेन्सिल हरवला" असं ऐकलं की "माझा नाही, माझी!" हे आपल्या तोंडून निसटतंच. त्यापेक्षा "अरेरे, तुझी पेन्सिल हरवली? शेवटची कुठे ठेवली होतीस?" असं विचारावं. बरोबर रूप कानावर पडतं आणि पेन्सिलीची हकिकतही पुढे सरकते. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलली जात असेल तर मुलाला तिच्यातूनही मनसोक्त सांगू द्यावं. बोलीत मनातलं नीट मांडता येऊ लागलं, की पुस्तकातली मराठी शिकायला तिचा आधारच होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली आणि अंगणात भरवली. भाषेच्या बाबतीतही मला हीच वाट योग्य वाटते. आधी मोठ्यांनी मुलाच्या बोलीपर्यंत चालत जावं.

लिहिण्याची वेळ आली की मात्र बडबडं मूलसुद्धा पेन्सिल चावत बसतं. 'माझी सहल' असं शीर्षक लिहून, खाली दोन रेघा मारून गाडी थांबते. अशा वेळी वही बाजूला ठेवावी आणि नुसतं विचारावं, "बसमध्ये काय काय झालं रे?" सांगणं आधी, लिहिणं नंतर. साने गुरुजींनी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तिची प्रकरणं म्हणजे श्यामने एकेका रात्री मित्रांना सांगितलेल्या आठवणीच आहेत. आपल्या मुलाचं सांगून झालं की म्हणावं, "आत्ता जसं बोललास ना, तस्संच पहिलं वाक्य लिही." निबंध हातात आल्यावर आधी तो शेवटपर्यंत वाचावा. लाल पेन लांबच असू द्यावं. मग मजकुरातलंच काहीतरी मनापासून विचारावं, "ज्या मुलीला उलटी झाली, तिच्याजवळ मग कोण बसलं?" बहुतेक वेळा मूल वही ओढून घेतं आणि आणखी दोन ओळी लिहितं. वेलांट्या आणि उकार त्यानंतर, दोघांनी मिळून पाहता येतात.