लाल विंचवाचे विष आणि प्रथिनांची संगत

दहिवली-कर्जतपासून महाडपर्यंत रायगडातल्या लोकांना लाल विंचवाची धास्ती आहे. सरपणाचा ढीग, पेंढ्याची उडवी, दगडी बांधाच्या फटी ही त्याची ठिकाणे. चावला की विंचू उतरवणारा गाठायचा आणि माणूस दगावलाच, तर विष जालीम होते म्हणायचे, ही जुनी रीत. त्याच विषातला एक रेणू पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. प्रथिनांकडे बघण्याची शास्त्रज्ञांची नजर बदलण्यात त्याचाही वाटा आहे.

डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी प्राझोसिनचा उपाय प्रसिद्ध केला. रक्तदाबावरचे हे साधे औषध विषाला भिडत नाही. विषामुळे शरीरात उसळलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा मारा ते थोपवते. दंश झालेल्यांच्या मृत्यूचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने घटले.

ही उसळी येते कुठून? चेतापेशीत सोडियम शिरले की संदेश पेटतो, पोटॅशियम बाहेर पडले की तो शमतो. विषातली मुख्य द्रव्ये सोडियमचे दार उघडेच ठेवतात. काही छोटी द्रव्ये मात्र पोटॅशियमच्या वाटेवर बसतात. त्यांपैकी आयबेरिओटॉक्सिन १९९० मध्ये याच विंचवाच्या विषातून वेगळे काढले गेले. अवघी ३७ अमिनो आम्ले. पण कॅल्शियम आणि विद्युतदाब या दोहोंनी उघडणाऱ्या ‘बीके’ नावाच्या पोटॅशियम वाहिनीचे तोंड ते बंद करते. ही वाहिनी १९८१ मध्ये ज्या पेशींत आढळली होती, त्यात अ‍ॅड्रिनॅलिन बनवणाऱ्या पेशीही होत्या.

जुनी कल्पना सरळ होती: एक जनुक, एक प्रथिन, एक काम. १९९१ मध्ये ‘स्लोपोक’ नावाच्या सुस्त फळमाशीच्या अभ्यासातून या वाहिनीचे जनुक हाती आले. पाठोपाठ माणसातले केसीएनएमए-१ सापडले. पण तीच वाहिनी रक्तवाहिनीच्या स्नायूत एका तऱ्हेने वागे, मेंदूत दुसऱ्या. एकाच जनुकातून प्रथिनाची अनेक रूपे निघतात, हे त्याचे एक उत्तर होते. दुसरे उत्तर विंचवाच्याच विषातून मिळाले. आयबेरिओटॉक्सिनच्या नात्यातले दुसऱ्या विंचवाचे विषद्रव्य वाहिनीला चिकटवून पाहिले, तेव्हा ते शेजारच्या एका छोट्या प्रथिनाशीही जोडले गेले. तो बीटा-१ हा साथीदार. तो असला की वाहिनी थोड्या कॅल्शियमलाही दाद देते आणि रक्तवाहिनी सैलावते. २००० मध्ये बीटा-१ नसलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला दिसला.

त्याच वर्षी मेंदूतला बीटा-४ चर्चेत आला. तो सोबत असला की आयबेरिओटॉक्सिनचा प्रभाव जवळजवळ पडेनासा होतो. वाहिनी तीच, विष तेच. फरक केवळ सोबतीचा.

मग सोबती शोधायचे कसे? आता ‘स्ट्रिंग’सारख्या संगणकीय संग्रहात केसीएनएमए-१ टाकले की जाळे उमटते. बीटा कुटुंब त्यात हमखास सापडते. एलआरआरसी-२६ हे सोबती प्रथिन २०१० मध्ये प्रयोगातून पुढे आले होते. तेही आता अशा जाळ्यात येते. प्रत्येक जोडीला शून्य ते एक यांमधला गुण असतो. हा गुण प्रयोग, जनुकांची एकत्र सक्रियता, शोधनिबंधांतली नावांची जवळीक अशा पुराव्यांवरून ठरतो. ०.९ गुण म्हणजे संबंध असण्याची दाट शक्यता. दोन प्रथिने एकमेकांना खरोखर चिकटतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. निबंधांत नावे वारंवार शेजारी आली, तरी गुण चढतो. शिवाय चिकटल्यावर वाहिनीचे काय होते, हे या आकड्यात कुठेच नसते.

बीटा-४ बाबत ते २०१९ मध्ये दिसले. मानवी वाहिनी आणि बीटा-४ यांची एकत्रित रचना शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली: चार बीटा-४ रेणूंचे बाहेरचे भाग वाहिनीच्या तोंडाभोवती कडे करून उभे होते. विषाला नेमके तिथेच बसायचे असते.