देवांचे प्रेम आणि सुकलेली माळ

दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचेच रूप घेऊन बसले, तेव्हा तिने खरा नळ ओळखला तो कशावरून? तिच्या विनवणीने देवांनी आपली लक्षणे प्रकट केली, असे वनपर्व सांगते. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, पाय भूमीस टेकले नव्हते. नळाच्या अंगावर मात्र धूळ होती, घाम होता, आणि त्याच्या गळ्यातील माळ सुकली होती. दमयंतीने वरले ते ह्या सुकलेल्या माळेच्या धन्यास.

देव व मर्त्य ह्यांच्या प्रणयाची कादंबरी हाती आली म्हणजे हा प्रसंग आम्हांस आठवतो. अशा कथेपुढील खरा प्रश्न अद्भुताचा नसून नीतीचा आहे. ज्याला मरण नाही, ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्याच्या प्रेमास प्रेम म्हणावे काय?

सी. एस. लुइस ह्या इंग्रजी ग्रंथकाराची 1956 सालची ‘टिल वुई हॅव फेसेस’ ही कादंबरी ह्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाते. कथा मूळची जुनी. अप्युलियस ह्या रोमन लेखकाने ती दुसऱ्या शतकात सांगितली. सायकी ह्या राजकन्येवर देवाचे मन जडते. पण त्याचे मुख तिने पाहावयाचे नाही, अशी अट असते. बहिणींच्या चिथावणीने ती दिवा लावते आणि पतीस मुकते. अप्युलियसच्या बहिणी देवाचा महाल डोळ्यांनी पाहतात व मत्सराने जळतात. लुइसची ओरुआल ही थोरली बहीण कुरूप आहे, आणि तिला तेथे महाल दिसतच नाही. दिसते ते केवळ रान. धुक्यात एकदा क्षणभर काही भासते, तेही मावळते.

ह्या एका फरकात कादंबरीचे सारे सामर्थ्य आहे. बहीण वेडी झाली असावी, किंवा कोणी दुष्ट तिला फसवीत असावा, अशा खऱ्या काळजीने ओरुआल स्वतःच्या दंडात कट्यार खुपसते आणि सायकीस दिवा लावण्यास भाग पाडते. ‘तुझ्याच हितासाठी’ म्हणत आपल्या माणसास गिळून टाकणारे हे प्रेम आपल्या घरांना अपरिचित आहे काय? बार्डिया ह्या सेनानीच्या मृत्यूनंतर त्याची विधवा पुढे राणी झालेल्या ओरुआलला ऐकविते की, तुझ्या सेवेने माझा नवरा खाऊन टाकला. मानवी प्रेमातील स्वार्थाची इतकी निर्भीड झडती आम्ही क्वचितच वाचली आहे.

उणीव आहे ती देवाच्या बाजूस. ओरुआल देवांवर फिर्याद मांडते: तुम्ही निश्चित खूण देत नाही, आणि न ओळखल्याबद्दल शिक्षा मात्र करता. उत्तरार्धातील स्वप्नदृश्यांत ती फिर्याद वाचली जाते, आणि वाचता वाचता तिला स्वतःचेच दोष उमगतात. हा प्रसंग उदात्त आहे खरा. परंतु फिर्यादीचे हात मळलेले आहेत, एवढ्यावरून प्रतिवादी निर्दोष ठरत नाही. बहिणीच्या धाकाने अट मोडणाऱ्या सायकीस वनवास का, हा प्रश्न उरतोच. शिवाय ही दृश्ये इतकी रूपकमय आहेत की, पूर्वार्धातील जिवंत माणसे तेथे विरळ होत जातात.

कोणी म्हणेल, देवास माणसाच्या मापाने मोजू नये. मान्य, पण मग त्याला प्रियकराच्या भूमिकेत आणू नये. प्रियकर म्हटला की माप आलेच. लुइस श्रद्धावान ख्रिस्ती होता. देवाने मनुष्य होऊन यातना भोगल्या, हे त्याच्या धर्माचे मर्म. कथेचा काळ ख्रिस्तपूर्व असल्यामुळे ते येथे उघडपणे आणणे त्याला शक्य नव्हते. आपल्याकडे सीतेच्या शोधात वृक्षवेलींना विचारीत रडणारा राम आपल्या हृदयास भिडतो, तो ह्याच कारणाने.

तेव्हा मानवी प्रेमाची परीक्षा म्हणून ही कादंबरी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने अवश्य वाचावी, अशी आमची शिफारस आहे. दैवी प्रेमाचे चित्र म्हणून मात्र ती आमचे समाधान करीत नाही. तिच्यातील देवाच्या गळ्यातील माळ शेवटपर्यंत ताजीच राहते. आणि आमचे मन, दमयंतीप्रमाणे, सुकलेल्या माळेकडे वळते.