उतरणीच्या पायऱ्या



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62 आणि 63.

स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमधले हे दोन श्लोक. अर्जुनाने विचारलेलं असतं, की ज्याची बुद्धी स्थिर झालीय तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. भगवंत उत्तर देता देता मध्येच उलट्या बाजूने सांगतात, की बुद्धी ढळते ती कशी. एखाद्या विषयाचं सारखं चिंतन केलं की संग जडतो, म्हणजे मन तिथे चिकटतं. संगातून काम येतो, म्हणजे 'मला हे हवं आणि असंच हवं'. ते आडलं की क्रोध. क्रोधातून संमोह, मग स्मृती ढळते, मग बुद्धी जाते, आणि बुद्धी गेली की माणूस गेला. एकही पायरी गाळलेली नाही. मला हे श्लोक आवडतात ते यासाठीच. भगवंत 'वाईट माणूस वाईट वागतो' असं म्हणून मोकळे होत नाहीत. चांगला माणूस तिथपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो ते दाखवतात.

परवा एका वाचक मैत्रिणीचा मेसेज आला. तिने 'गेम ऑफ थ्रोन्स' आत्ता पहिल्यांदा, सुट्टीत सलग पाहून संपवली. शेवटचा सीझन पाहून दोन दिवस तिची नुसती चिडचिड झाली. मग तिने दोन प्रश्न विचारले. एक, काल्पनिक मालिकेवर एवढा राग येणं हा साधकाच्या दृष्टीने दोष आहे का? दोन, मुळात एवढं काळंकुट्ट बघावंच का? मला हे प्रश्न आजच्या श्लोकांना इतके चपखल वाटले की उत्तर इथेच लिहितेय. (ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथे थांबा. पुढे सगळं उघड आहे.)

ज्यांच्या कानावर फक्त नाव आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एचबीओची ही मालिका एप्रिल 2011 ला सुरू झाली आणि 19 मे 2019 ला संपली. आठ सीझन, 73 भाग. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली. पाचवी कादंबरी 2011 मध्येच आली, सहावी काही आली नाही, आणि मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. शेवटचा सीझन आपल्याकडे हॉटस्टारवर सोमवारी पहाटे साडेसहाला यायचा. काकड आरतीला आयुष्यात कधी न उठलेली पोरं ड्रॅगनसाठी सहाचा अलार्म लावून उठत होती, नि ऑफिसात कुणी काही फोडायच्या आत भाग संपवत होती. मीही उठायचे. तो सहा आठवड्यांचा एकत्र जागण्याचा आनंद खरा होता.

आणि मग शेवट. डेनेरिस टार्गेरियन, गुलामांच्या बेड्या तोडणारी राणी, राजधानीवर चाल करून येते. शहर शरण आल्याच्या घंटा वाजतात. युद्ध जिंकलेलं असतं. आणि ती ड्रॅगन उडवून, शरण आलेलं शहर गल्लीबोळांसकट, बायामुलांसकट जाळत सुटते. जगभर संताप उसळला. 'जमणाऱ्या लेखकांकडून हा सीझन पुन्हा लिहून घ्या' अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. अमेरिकेत 2018 या एका वर्षात 500 हून जास्त मुलींचं नाव 'खलीसी' ठेवलं गेलं होतं, म्हणजे याच राणीची पदवी. त्या आईबापांचं त्या रात्री काय झालं असेल! (आपल्याकडे नाव ठेवताना आजी पोथीतलं सुचवते. पोथीतल्या पात्रांचा शेवट आधीच माहीत असतो, हा त्याचा एक व्यावहारिक फायदा.)

लोक म्हणतात, चाहत्यांना काळोख सोसला नाही, त्यांना गोड शेवट हवा होता. हे मला पटत नाही. हेच प्रेक्षक पहिल्या सीझनच्या नवव्या भागात नेड स्टार्कचं मुंडकं उडताना बघून टिकले होते. 2013 मध्ये 'रेड वेडिंग' आलं, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची कत्तल, पोटुशी बाई मारलेली. लोक रडले, ओरडले, आणि पुढच्या सीझनची वाट बघत बसले. पुन्हा लिहा म्हणून लाखोंनी सह्या केल्या नाहीत. कारण ते भयंकर असलं तरी त्याला मुळं होती. रॉबने लग्नाचा शब्द मोडला होता, फ्रे म्हाताऱ्याचा अपमान आपण पाहिला होता, लॅनिस्टरांची पत्रं फिरत होती. दुःख झालं, पण फसवणूक झाली असं वाटलं नाही.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. महाभारताइतकं अंधारं काय आहे? सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो, धृष्टद्युम्नाला मारतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. युद्ध संपलेलं, जिंकलेलं, आणि मग हे. पण हा अश्वत्थामा आभाळातून पडत नाही. त्याच्या बापाला अर्धसत्य सांगून शस्त्र खाली ठेवायला लावलेलं असतं, आणि ते अर्धसत्य खुद्द युधिष्ठिराच्या तोंडचं असतं. त्याचं कृत्य माफ होत नाही, शाप मिळतो तो मिळतोच. पण ते कुठून आलं हे व्यास लपवत नाहीत. आणि त्यानंतर काय येतं? स्त्रीपर्व. सगळं थांबतं. रणांगणावर बायका येतात, आपापली माणसं शोधतात, रडतात. गांधारी खुद्द श्रीकृष्णाला शाप देते आणि तो तो स्वीकारतो. छत्तीस वर्षांनी त्या शापाची फेड होते, यादव आपसात लढून संपतात. छत्तीस वर्षं! कथेने हिशेब विसरून दिला नाही.

मग शांतिपर्व. अठरा पर्वांत सगळ्यात मोठं पर्व कोणतं? युद्धाचं नाही, हे. जिंकलेला राजा म्हणतो, मला हे राज्य नको, माझ्या हाताला आपल्याच माणसांचं रक्त आहे. आणि त्याचं दुःख निस्तरायला व्यास सगळ्यात जास्त जागा देतात. लहानपणी मला हे पर्व कंटाळवाणं वाटायचं, लढाई संपली आता कशाला एवढं बोलतायत, असं. आता उलट वाटतं. जाळणं दोन मिनिटांत होतं. त्यानंतर काय करायचं हा प्रश्न लांब असतो.

मालिकेने नेमकी तीच जागा कापली. आधीच्या सहा सीझनना दहा दहा भाग होते. सातव्याला सात, आठव्याला सहा. एचबीओ जास्त भाग द्यायला तयार होतं, आवरतं घ्यायचं ठरवलं ते निर्मात्यांनी. एक शहर जळतं आणि त्याचा शोक, न्याय, नवा राजा, सगळं दीड तासाच्या आत उरकतं. स्त्रीपर्व नाही, शांतिपर्व नाही. मेहनत कमी पडली असंही नाही. विंटरफेलच्या लढाईसाठी त्या लोकांनी 55 रात्री थंडीत चित्रीकरण केलं. (तो भाग इतका काळोखा निघाला की टीव्हीवर काही दिसेना, तो भाग वेगळा.) कष्ट होते, पैसा होता, नट उत्तम होते. वेळ द्यायची तयारी नव्हती. पुढच्याच भागात मेजवानीच्या टेबलावर कॉफीचा कागदी कप राहून गेला आणि जग त्यावर हसलं, पण मला तो कप त्या घाईचंच चिन्ह वाटतो. मन पुढच्या कामावर गेलं की हातातल्या कामात कप राहतात.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर असं: हा राग मुळात दोष नाही. कर्माचं फळ कर्मातूनच आलं पाहिजे, पायऱ्यांनी आलं पाहिजे, ही आपल्या आतली मागणी आहे. ती मागणी कथेपुढेही ठेवावी. ज्याला कथेतला खोटा हिशेब खटकत नाही, त्याला स्वतःच्या आयुष्यातला तरी कसा खटकणार?

आता दुसरं अर्धं. हे जरा बोचेल.

पायऱ्या खरंच नव्हत्या का? पहिल्या सीझनच्या शेवटी डेनेरिस एका बाईला नवऱ्याच्या चितेत जिवंत जाळते. मीरीनच्या वाटेवर मालकांनी 163 गुलाम मुलं खांबांवर खिळलेली असतात. ती शहर घेते आणि 163 मालकांना तसंच खिळते, कोणी काय केलं याची चौकशी न करता. सातव्या सीझनमध्ये गुडघे न टेकणाऱ्या बापलेकांना ड्रॅगनच्या आगीत देते. पडद्यावर हे सगळं होतं. आणि प्रत्येक वेळी घराघरांत टाळ्या वाजल्या, कारण जळणारे लोक आपल्याला न आवडणारे होते. संग, मग काम: 'सिंहासन माझं आहे'. मग क्रोध. मालिका ते दाखवत होती. शेवटच्या सीझनने ज्या पायऱ्या गाळल्या त्या खालच्या तीन आहेत. संमोह, स्मृती ढळणं, बुद्धी जाणं. आपण साखळदंड तोडायला निघालो होतो, हे ती राणी कधी विसरली? मित्र गेले, दुसरा ड्रॅगन गेला, मिसांदेईचं डोकं उडालं, जॉनचं रहस्य फुटलं, हे सगळं फटाफट येऊन जातं, पण तिच्या आतलं ते विसरणं आपल्याला बघायला मिळत नाही. घंटा वाजतात, तिचा चेहरा दिसतो, आणि पुढच्या क्षणी आग.

तेव्हा लेखकांचा दोष आहेच. पण ज्याने अन्यायी माणूस जळताना आनंद घेतलाय, त्याने 'ही अशी कशी झाली' असं विचारताना जरा मागे वळून त्या टाळ्यांचा आवाज ऐकावा. आग कोणाला ओळखत नाही. आपल्या नावडत्याच्या घरापर्यंतच ती थांबेल, हा भरवसा कोणी दिला होता?

आणि आता तेच दोन श्लोक चाहत्यांना लावून बघ. आठ वर्षं चिंतन: भाग पुन्हा पुन्हा पाहणं, कोण राजा होणार याचे तर्क, नकाशे, वंशावळ्या. त्यातून संग. संगातून काम, की शेवट माझ्या मनातला हवा. तो आडला, क्रोध. मग गूगलवर 'वाईट लेखक' असं शोधलं की दोन्ही निर्मात्यांचा फोटो यावा अशी मोहीम चाहत्यांनी चालवली आणि यशस्वीही केली. हा संमोह. आणि मग 'सगळीच मालिका फालतू होती, आठ वर्षं वाया गेली' असं म्हणणारे. हा सरळ स्मृतिभ्रंश! अरे, नेडचं मरण बघून तुझी झोप उडाली होती ना? टिरियनच्या खटल्याच्या वेळी सोफ्यावर उभा राहिला होतास ना? ते वाया कसं गेलं? शेवटचे सहा भाग बिघडले म्हणून आधीचे 67 तू खोटे पाडलेस. गंमत बघ. मालिकेने राणीच्या ज्या पायऱ्या गाळल्या, त्या चाहत्यांनी स्वतः एकेक करून उतरून दाखवल्या.

सगळे नाही हं उतरले. डेनेरिसचं काम करणारी एमिलिया क्लार्क हिने मार्च 2019 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं, की मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्या मेंदूत दोनदा रक्तवाहिनीचा फुगा निघाला, पहिल्यांदा तो फुटला, आणि ती मरता मरता वाचली. तशा रुग्णांसाठी तिने 'सेमयू' ही संस्था काढली. शेवटावर सगळ्यात जास्त तोंडसुख घेणारे जे चाहते होते, त्यांच्यातल्याच लोकांनी तिचे आभार म्हणून त्या संस्थेसाठी निधी जमवला. शेवट त्यांना तेव्हाही पटलेला नव्हता. राग गेला नव्हता. पण आठवण शाबूत होती.

राहिला दुसरा प्रश्न, काळोखं बघावं का. यात सगळ्यांना एकच उत्तर नाही, आणि मी काही तुझी गुरू नाही. मालिकेतली काही दृश्यं मी पुढे ढकलून पाहिली, कारण ती दुःख दाखवायला नव्हती, नुसती चाळवायला होती. तो फरक मन आपोआप सांगतं, फक्त त्याचं ऐकायचं असतं. रात्री बघून नामाला बसवत नसेल तर दुपारी बघ, किंवा बघू नको. पण अंधार आहे म्हणून कथा टाळायची तर सौप्तिकपर्व आणि मौसलपर्वही फाडून टाकावं लागेल. आणि मग भगवंत ज्या रणांगणात उभे राहून हे दोन श्लोक सांगतात, तेही.

उद्या श्लोक 64. विषय सोडून पळून जा असं त्यात म्हटलेलं नाही. विषयांतच वावर, पण रागद्वेषाशिवाय, आणि मग मनाला प्रसाद मिळतो, असा त्याचा आशय आहे. वाचून ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणी तो शेवट न चिडता पाहिला असेल, तर कसा पाहिलात ते मला नक्की लिहा.

राम कृष्ण हरी.