मेंफिसचा वाद आणि बऱ्हाणपूरचा समा

१९५७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मेंफिस शहरी, सॅम फिलिप्सच्या 'सन' नामक चिमुकल्या ध्वनिमुद्रिका-संस्थेत, जेथे गोऱ्या खेडुतांचे गाणे आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांच्या संकरातून रॉकबिली हा प्रकार आकारास येत होता, जेरी ली लुईस नावाचा बावीस वर्षांचा पियानोवादक गाणे बाजूस सारून धर्मशास्त्राची तकरार करीत बसला. आणि यंत्र चालूच असल्यामुळे ती सारी तकरार फितीवर उतरली. स्तोत्र उडत्या ठेक्यात वाजविल्याबद्दल बायबल-पाठशाळेतून काढून टाकलेला हा तरुण. अशा गाण्यानेही आत्मे तारता येतील, असे फिलिप्सचे म्हणणे. ज्याच्या अंगी सैतान आहे तो कोणास कसा तारणार, असा याचा प्रतिप्रश्न.

तापीकाठच्या आम्हा लोकांस हा वाद परका वाटत नाही. ज्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने फारुकी सुलतान नसीरखानाने आमचे बऱ्हाणपूर शहर वसविले, ते १३३७ साली निवर्तले आणि खुलदाबादेस त्यांची कबर आहे. समाचे, म्हणजे भक्तिगायनाच्या श्रवणाचे, त्यांना विलक्षण वेड. त्यांचे गुरू निजामुद्दीन अवलिया यांना तर ग्यासुद्दीन तुघलकाच्या दरबारी याच प्रश्नावर उलेमांपुढे जबानी द्यावी लागली होती. निजामुद्दीनांच्या अटी चार: गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणारा ईश्वरस्मरणात असावा, गायिले जाते ते अश्लील नसावे आणि चंग-रबाबासारखी वाद्ये नसावीत. जेरी लीचा पियानो चौथ्या अटीवरच बाद होतो, हे खरे. पण मला विचारावेसे वाटते ते दुसरीविषयी, कारण पापपुण्याचा निवाडा तीच कंठावरून काढून कानाकडे नेते.

याच्या नेमके उलट उदाहरण तापीच्या पलीकडच्या तीरावर, जैनाबादेत सापडते. दख्खनची सुभेदारी घेऊन निघालेला शहाजादा औरंगजेब १६५३ च्या सुमारास तेथे हिराबाई नावाच्या गायिकेवर अनुरक्त झाला. ती अल्पवयातच वारली, आणि तिच्या मृत्यूने ईश्वराने आपल्यावर कृपाच केली असे तो पुढे म्हणे, ही हकीकत मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने नोंदविली आहे. पुढे बादशहा झाल्यावर त्याने दरबारातील गवयांस रजा दिली. मनातला मोह गळ्यावर लादून गळाच बंद करण्याची ही युक्ती मला जेरी लीच्या धास्तीपुढे फार हिणकस वाटते. त्या पोराने निदान सैतान स्वतःच्या अंगी मानला, आणि मग पियानोपाशी बसून 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' मुद्रितही केले.

मात्र ध्वनिमुद्रिकेने एक नवीच अडचण उभी केली, जिचा फिलिप्सने विचार केलेला दिसत नाही. समाच्या मजलिशीत शेख श्रोते निवडीत; अपात्र माणसास बाहेर ठेवणे हाच तेथील धर्म. तबकडी मात्र पैसे मोजील त्याची, आणि दुसरी अट तपासण्यास दुकानाच्या गल्ल्यावर कोणीही बसलेला नसतो.