अर्धशिशी : सोसावी कीं सांगावी?

सोशिकपणा हा सद्गुण आहे कीं नाहीं, असें विचारलें तर आपल्या मंडळ्यांतील शाळकरी मूलही 'होय' असेंच उत्तर देईल. परंतु सोसावयाचें कोणीं, काय, आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे तीन प्रश्न पुढें ठेवले म्हणजे तें उत्तर तितकेंसें सोपें राहत नाहीं. अशा प्रश्नांचा विचार एखाद्या नित्याच्या दुखण्यावरून करणें बरें, म्हणून आज अर्धशिशीचें उदाहरण घेऊं. हें दुखणें मोठें असून दिसत नाहीं. त्यानें सहसा माणूस मरत नाहीं, परंतु तें पुनः पुनः येतें. आणि तें बहुधा इस्पितळांत नव्हे, तर घरांत, चुलीपासून चार हातांवर सोसलें जातें. त्यामुळें रोग्याची जितकी परीक्षा होते, तितकीच घरच्या मंडळींचीही होते.

प्रथम हें दुखणें काय आहे तें समजून घेऊं. आपल्या जुन्या वैद्यांनीं त्यास अर्धावभेदक म्हटलें आहे. ग्रीक वैद्य गॅलेन यानें अर्ध्या कवटीचें दुखणें अशा अर्थाचा जो शब्द वापरला, त्यावरूनच 'मायग्रेन' हें नांव झालें. म्हणजे दोन दूर देशांतील लोकांनीं एकच खूण पाहून त्यास नांव दिलें. डोक्याची एक बाजू, केव्हां केव्हां दोन्ही, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकतात. मळमळतें, ओकारी होते. उजेड डोळ्यांत सुईसारखा शिरतो. भांड्यांचा आवाज किंवा फोडणीचा वास सहन होत नाहीं. चार पावलें चाललें तरी ठणका वाढतो. उपाय न केल्यास हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत, म्हणजे पुरे तीन दिवसही टिकतो. कित्येकांस त्यापूर्वी डोळ्यांपुढें वांकड्यातिकड्या चकाकत्या रेघा दिसतात किंवा बोटांस मुंग्या येतात, आणि तें बहुधा तासाभरांत ओसरतें. जगांत सुमारें ७ माणसांत एकास हें दुखणें आहे असें मानतात, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत तें दुपटी-तिपटीनें अधिक आढळतें.

हा झटका कशानें येतो याविषयींही पुष्कळ कळलें आहे. ज्यांचा मेंदू मुळांत अशा दुखण्यास संवेदनशील असतो, त्यांस उन्हाची तिरीप, चुकलेलें जेवण, अपुरी झोप, मासिक पाळी, उग्र वास, मनाचा ताण अशीं निमित्तें पुरतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतील चैत्र-वैशाखाचें ऊन आपणांस ठाऊक आहे. पत्र्याच्या छपराखालीं तें दुपारीं घरांतही पाठ सोडीत नाहीं. ऊस तोडणारीं माणसें पहांटेच्या अंधारांत फडावर जातात. आणि आपल्या घरांची रीत पाहिली तर काय दिसतें? सून सर्वांच्या आधीं उठते व सर्वांच्या मागून जेवते. वरच्या निमित्तांपैकीं दोन तर घराच्या रीतीनेंच तिला नेमून दिलेलीं आहेत. मग डोकें धरून ती निजली म्हणजे 'हिचें नेहमींचेंच आहे' असें म्हणणारे आपणच!

हें दुखणें दृष्ट नव्हे, बाहेरचें नव्हे, कोणा पूर्वजाच्या पापाचें फळ नव्हे, आणि आळसही नव्हे. चेहऱ्यास व मेंदूच्या आवरणांस संवेदना देणारी जी मोठी शीर आहे, ती चेतून सीजीआरपी नांवाचें एक द्रव्य सोडते, व त्या द्रव्याचा या वेदनेशीं निकट संबंध आहे, असें संशोधकांनीं दाखवून दिलें. या कामाबद्दल चार शास्त्रज्ञांस २०२१ सालीं डेन्मार्क देशांतील एका संस्थेनें मेंदूविषयक संशोधनाचें मोठें पारितोषिक दिलें. तेव्हां जी वेदना आपणांस दिसत नाहीं, ती नाहीं असें नव्हे. तिला पाहण्याचे डोळे मात्र आपणांपाशीं नाहींत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. सोसावें, बोलूं नये, असें म्हणणारे लोक तीन कारणें सांगतात. त्यांचा विचार क्रमानें करूं.

पहिलें कारण हें कीं, दुःख देवाकडून येतें, म्हणून त्यावर औषध शोधणें हा विश्वासाचा कमीपणा आहे. हें म्हणणें नवें नाहीं. १८४७ सालीं एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनीं प्रसूतीच्या वेदनांवर क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हां हव्वेस मिळालेला शाप पुढें करून कांहीं जणांनीं त्यास हरकत घेतली. आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं देवानेंच त्यास गाढ झोंप आणली होती, याकडे सिम्प्सन यांनीं बोट दाखविलें. आपल्या शेतकऱ्यांनीं तर आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्याच शापांत जमिनीस कांटेकुसळें येतील असेंही आहे. म्हणून आपण खुरपणी सोडून देतों काय? पुरुषाच्या शेतांतील तण काढणें हें उद्योगीपण, आणि स्त्रीच्या डोक्यांतील ठणका थांबविणें हा अविश्वास, असा न्याय कोणत्या शास्त्रांत आहे? क्रूसावर जाण्यापूर्वीं प्रभूनें गुंगी आणणारा द्राक्षारस घेतला नाहीं हें खरें. परंतु ती निवड त्याची स्वतःची व स्वतःपुरती होती. त्याच्याकडे आलेल्या एकाही रोग्यास त्यानें 'सोस' असें सांगून परत पाठविलें नाहीं. डॉक्टर विल्यम वॉनलेस हे १८८९ सालीं या देशांत आले व १८९४ सालीं मिरजेस इस्पितळ सुरू झालें, तेंही दुःख सोसा असें शिकविण्यासाठीं नव्हे.

दुसरें कारण असें सांगतात कीं, आमच्या आईनें, आजीनें सोसलें, मग आतांच्यांस काय झालें? त्यांनीं सोसलें हें खरें, आणि त्यांच्या धैर्यास आपण मान द्यावा. त्यांनीं कपाळावर सुंठ उगाळून लावली, फडकें करकचून बांधलें, प्रसंगीं डागही घेतला. पण उपाय नव्हता म्हणून सोसलें यास धैर्य म्हणतात. उपाय असून दुसऱ्यास सोसावयास लावणें यास वेगळें नांव आहे. आजी विहिरीचें पाणी शेंदून आणीत असे, म्हणून घरचा नळ कोणी बंद करीत नाहीं.

तिसरें कारण मनांत असतें, पण ओठांवर क्वचित् येतें. तें हें कीं, हिला काम चुकवावयाचें आहे. ढोंग करणारें माणूस जगांत नाहीं असें कोण म्हणेल? परंतु येथें दोन चुकांपैकीं कोणती लहान, हें ठरवावयाचें आहे. ढोंगावर विश्वास ठेवला तर घरचें अर्ध्या दिवसाचें काम मागें पडेल. खऱ्या वेदनेवर अविश्वास दाखविला तर दुखणाऱ्या माणसास दोन दुःखें होतील, एक डोक्याचें व एक मनाचें. आणि पुढल्या वेळीं तें माणूस सांगणारच नाहीं. शूनेमकरणीच्या मुलाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. ऐन कापणीच्या दिवसांत त्यानें शेतांत बापास डोकें दुखत असल्याचें सांगितलें. बापानें 'कापणी उरकूं दे' असें म्हटलें नाहीं. त्यानें तत्काळ त्यास आईकडे पोंचतें केलें. दुपारपर्यंत तें मूल आईच्या मांडीवर गेलें. पुढें अलीशाच्या हातून तें उठलें, हा भाग निराळा. परंतु डोक्याची तक्रार ऐकतांच मानावी, हा धडा त्या बापापासून घेण्याजोगा आहे.

कारण प्रत्येक डोकेंदुखी अर्धशिशीच असते असें नाहीं. क्षणार्धांत वीज कोसळल्यासारखें दुखूं लागलें, ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळे पडले, बोलणें अडखळलें, शुद्ध हरपली, डोक्यास मार लागल्यावर दुखणें आलें, गरोदरपणांत किंवा बाळंतपणानंतर नव्यानें जोराचें दुखूं लागलें, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असें दुखणें सुरू झालें, तर घरीं वाट पाहूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें.

मग सोशिकपणास जागाच नाहीं काय? आहे, आणि ती मोठी आहे. पण ती कोठें सुरू होते हें पाहिलें पाहिजे. पौलाच्या देहांत एक कांटा होता. तो कोणता होता हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. डोक्याचें दुखणें असावें असेंही कित्येकांनीं मानलें आहे. तो निघावा म्हणून त्यानें तीन वेळां विनंती केली, आणि त्यानंतरच तो सोसावयास तयार झाला. हा क्रम विसरूं नये : आधीं मागणें, मग सोसणें. जो मागण्याची पायरी गाळतो, तो अधिक विश्वासू ठरत नाहीं. आणि जो दुसऱ्यास ती पायरी गाळावयास लावतो, तो त्याच्या खांद्यावर देवानें न ठेवलेलें ओझें ठेवतो.

ज्यास हें दुखणें आहे त्यानें तें लपवूं नये. झटका सुरू होतांच घरांत सांगावें आणि डॉक्टरांनीं सांगितलेली गोळी लवकर घ्यावी. वेदना शिगेस पोंचल्यावर घेतलेली गोळी कमी लागू पडते. मात्र साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यांतून पंधरा दिवस, व कांहीं विशेष गोळ्या दहा दिवस, अशा महिनोन्महिने घेत गेल्यास त्या गोळ्यांनींच डोकें दुखूं लागतें. वारंवार झटके येत असतील तर ते येऊंच नयेत म्हणून घ्यावयाचीं निराळीं औषधें आहेत. तीं डॉक्टरांस विचारावीं. पहांटे दुधाबरोबर जिलबी खाण्याचा उपाय खेडोपाडीं सांगतात. त्यानें रिकामें पोट तरी भरतें. पण डाग घेणें किंवा अर्धशिशी उतरविणाऱ्यास पैसे देणें सोडावें. एवढें करूनही कांहीं तास असे राहतातच कीं जेथें औषध पोंचत नाहीं. तेथें खरा सोशिकपणा लागतो : मुलांवर चिडूं नये, आपल्या दुखण्याचा धाक घरावर बसवूं नये, आणि हें ओसरणार आहे ही आठवण धरावी. हें कठीण आहे. म्हणूनच तें कोणी कोणाकडून हुकमानें मागूं नये.

घरच्यांनीं काय करावें? खिडकीस जाड धोतर किंवा घोंगडें लावावें. फोडणी थोडी थांबवावी. मोबाईलचा आवाज बंद करावा, व शेजारच्या मांडवांतील कर्णा कमी करण्याची विनंती नवऱ्यानें स्वतः जाऊन करावी. उशाशीं पाणी व ओकारीसाठीं भांडें ठेवावें. त्या दिवशीं भाकरी ज्यास जमेल त्यानें थापावी, आणि उठल्यावर तिला मागें पडलेल्या कामाचा हिशेब दाखवूं नये. मुख्य म्हणजे एरवींही तिला वेळेवर जेवूं द्यावें. यांत पैसा फारसा लागत नाहीं, मन लागतें.

शेवटीं उपदेशक बंधूंस दोन शब्द. अशा घरीं भेटीस जाल तेव्हां टाळ-पेटी घेऊन जाऊं नका, आणि चार माणसें जमवून मोठ्यानें प्रार्थना करूं नका. त्या वेळीं तोही मार ठरतो. उंबऱ्याशीं बसून हळू आवाजांत दोन वाक्यें पुरे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें कांहीं चुकलें नाहीं; बोलूं लागले आणि त्याच्या दुःखाचें कारण त्याच्याच पापांत शोधूं लागले, तेव्हां चुकले. मंडळीपुढें सोशिकपणावर बोलण्याची वेळ आली, तर तो बोध प्रथम निरोग्यांस करा : दुसऱ्याच्या दुखण्यापायीं होणारी आपली गैरसोय त्यांनीं सोसावी. दुखणाईत माणूस आपल्या वांट्याचें सोसतच आहे.